दिसतंय तिथं नसतंय

आमच्या भागात ऊसतोड सुरू झाली की पोरांचे दोन उद्योग ठरलेले. एक ऊस खाणं, दुसरा ऊस फेकणं. अख्खा ऊस उचलायचा, खांद्यावरून मागं न्यायचा आणि बांधापलीकडं भाल्यासारखा सोडायचा. वाड्यासकट, म्हणजे शेंड्याच्या पाल्यासकट, ऊस बुडख्याकडून फेकला तर सरळ जायचा, बुडखा पुढं आणि वाडं मागं फडफडत. वाडं छाटलेला ऊस हवेत डुलायचा आणि आडवातिडवा पडायचा. शेंडा पुढं धरून फेकला तर अर्ध्या वाटेत गिरकी घेऊन बुडखा पुढं आणायला बघायचा. असं का होतं हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ऊस लांब गेला म्हणजे झालं.

उन्हाळ्यात हीच पोरं विहिरीवर. तिथं उसाऐवजी बांबूची काठी. काठावरून जोर लावून काठी पाण्यात मारली की ती सळकन आत शिरायची, पुरुषभर खोली गाठायच्या आत दमायची आणि आल्या वाटेनं वर येऊन तरंगायची. हात तोच, जोर तोच. रानात जी काठी बांध ओलांडून जायची ती पाण्यात दोन पावलांत गळपटायची.

या दोन खेळांच्या मधेच भाल्याचं सगळं शास्त्र बसलंय. माणसानं लाखो वर्षं जमिनीवर जनावर मारायला आणि पुढं पाण्यात मासा मारायलाही टोकदार काठी वापरली. दिसायला हत्यार एकच, पण हवेतला भाला आणि पाण्यातला भाला ही दोन वेगळी हत्यारं आहेत, आणि ती वापरायच्या पद्धती तर जवळजवळ उलट्या आहेत. हवेत भाला सोडायचा असतो. पाण्यात तो सोडायचा नसतो, निदान हातातून पूर्ण सोडायचा नसतो. हे मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधी माझ्या चुलत आजोबांनी, आण्णांनी, ओढ्यात उभं राहून सांगितलं होतं. त्यांच्याकडं येतोच, पण आधी हवेचं बघू.

बुडखा पुढं, वाडं मागं

कुठलीही काठी बोटावर तोलून बघा. एका ठिकाणी ती आडवी थांबते. तो तिचा गुरुत्वमध्य. उसात हा बिंदू बुडख्याच्या बाजूला सरकलेला असतो, कारण तिकडं ऊस जाड आणि भरीव. आता काठी हवेतून जाताना वारा तिच्या सगळ्या अंगावर रेटा देतो. हा सगळा रेटा जणू एकाच बिंदूत एकवटलाय असं मानता येतं. त्याला दाबमध्य म्हणू. वाड्याचा पसारा मागं असल्यामुळं उसाचा दाबमध्य मागं जातो.

वजन पुढं आणि वाऱ्याची पकड मागं, असं असलं की काठी चुकून तिरकी झाली तरी वारा शेपटाला ढकलून तिला पुन्हा रांगेत आणतो. चर्चच्या शिखरावरचा वारा दाखवणारा कोंबडा असाच फिरतो, शेपूट वाऱ्याच्या ओघात आणि चोच वाऱ्याच्या तोंडाला. बाणाला पिसं लावतात ती याचसाठी. वाडं म्हणजे उसाची पिसंच. ती छाटली की वजन आणि रेटा एकमेकांच्या जवळ येतात आणि ऊस डुलायला लागतो.

जर्मनीत शोनिंगन नावाच्या गावाजवळच्या कोळशाच्या खाणीत १९९० च्या दशकात लाकडी भाले सापडले. दोन ते तीन लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे आपल्या जातीचा माणूस युरोपात पोचायच्या कितीतरी आधीचे, दुसऱ्याच मानवजातीनं बनवलेले. लांबी साधारण दोन मीटर, बहुतेक स्प्रूसच्या बारीक झाडांचे. त्यांचं टोक झाडाच्या बुंध्याकडच्या बाजूला तासलेलं आहे. बुंध्याकडं लाकूड जास्त कठीण असतं आणि जाडीही जास्त. आमच्या पोरांना ऊस फेकून जे कळलं ते त्या लोकांना झाड तासून कळलेलं होतं. या भाल्यांच्या प्रतिकृती आजच्या भालाफेकपटूंच्या हातात देऊन पाहिल्या, तर २० मीटरवरच्या निशाण्यालाही ते मारू शकले.

वजन नेमकं किती पुढं असावं यावर खेळाच्या जगात मोठी उलथापालथ झालेली आहे. १९८४ साली बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होन यानं १०४.८० मीटर भाला फेकला. १०० मीटरच्या पुढं भाला टाकणारा तो आजवरचा एकमेव माणूस. मैदान कमी पडायची वेळ आली. शिवाय त्या काळचे भाले तरंगत तरंगत जायचे आणि पोटावर आडवे उतरायचे, त्यामुळं टोक आधी टेकलं की नाही यावर वाद. मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढं सरकवला. वजन तेच, ८०० ग्रॅम. फक्त दोन बोटं सरकवली, पण त्यामुळं मागच्या बाजूचा रेटा भाल्याचं नाक लवकर खाली वळवायला लागला. अंतर घटलं आणि भाला मातीत टोकानं रुतायला लागला. होनचा आकडा जुन्या भाल्याच्या खात्यात कायमचा बंद झाला. नव्या भाल्याचा विक्रम यान झेलेझ्नीचा, ९८.४८ मीटर, १९९६ सालचा, आणि तो अजून कुणी मोडलेला नाही. गंमत अशी की हे दोघंही पुढं आपल्या नीरज चोप्राचे प्रशिक्षक झाले, आधी होन, मग झेलेझ्नी. टोकियोत नीरजनं सुवर्ण जिंकलं ते ८७.५८ मीटरवर. ९० मीटरची रेघ त्यानं २०२५ मध्ये दोहात ओलांडली, ९०.२३ मीटर.

माझी भाची सांगलीत भालाफेकीचा सराव करते. तिचा सराव बघताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की भाला हातानं फेकत नाहीतच. ती पळत येते, पाय फुली मारत तिरकी होते आणि शेवटच्या पावलाला डावा पाय जमिनीत खुट्टा ठोकल्यासारखा रोवते. पाय थांबतो पण अंग थांबत नाही. पळण्याचा वेग कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात चढत जातो, आसूड ओढताना मुठीतली हालचाल टोकाला जाऊन फटका होते तसा. जागतिक दर्जाच्या पुरुषांच्या हातातून भाला सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर असतो. एकट्या दंडाच्या जोरावर हे होत नाही. या सगळ्याचं मूळ जमिनीत रोवलेल्या त्या पायात आहे. हे लक्षात ठेवा, पाण्यात गेल्यावर लागेल.

हात लांब केला की वेग वाढतो, ही गोष्ट ज्यानं शाळूच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलीय त्याला सांगावी लागत नाही. भाल्यासाठीही माणसानं तसाच लांब हात शोधला होता. हातभर लांबीची दांडी, तिच्या मागच्या टोकाला आकडा. आकडा भाल्याच्या बुडाला अडकवायचा आणि दांडी झटक्यानं पुढं आणायची. फ्रान्समध्ये १७ हजार वर्षांपूर्वीचे, रेनडिअरच्या शिंगाचे असे आकडे सापडलेत, आणि ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी हे साधन अगदी अलीकडंपर्यंत वापरत होते. मनगट फिरतं तेवढंच, पण दांडीचं टोक मनगटापेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतं, म्हणून त्याचा वेग जास्त.

शिकारीत मात्र लांब फेकण्याला फारशी किंमत नसते. पन्नास मीटरवर भाला पोचायला सेकंद-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात हरणाला बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून फेकून मारायचं ते दहा-वीस मीटरच्या आतच. रानडुकरासारख्या जनावराला तर शहाणा माणूस भाला फेकून मारत नसे, तो रोखून धरायचा. फेकलेला भाला चुकला की हात रिकामे, आणि समोर चिडलेलं डुक्कर.

पाण्याचं वजन

आता विहिरीत उतरू. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास, जरा कमीच. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो. म्हणजे पाणी हवेपेक्षा ८०० पटींहून घट्ट. भाल्याला पुढं जायचं तर समोरचं हे सगळं बाजूला सारायचं असतं, आणि विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. पाण्यात जोर वाढवून फार काही हाती लागत नाही ते यामुळं.

ढोबळ हिशोब करू. दोन मीटर लांब, अंगठ्याएवढी जाड, अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजनाची लाकडी बरची, म्हणजे हलका भाला, घ्या. ती अगदी नाकासमोर सरळ चालली असं धरू. तिच्या अंगाला पाणी घासून जो विरोध होतो तो मोजला तर पाण्यात दर सव्वा मीटरला तिचा वेग निम्मा होतो. हवेत नुसत्या हवेच्या विरोधानं तिचा वेग निम्मा व्हायला किलोमीटरभर जावं लागलं असतं, त्याच्या कितीतरी आधी ती जमिनीवर पडते हा भाग वेगळा. वेग निम्मा झाला की मारा पाव होतो. म्हणजे पाण्यात अडीच मीटर गेल्यावर बरचीत सुरुवातीच्या माऱ्याचा सोळावा हिस्सा उरतो. मासा त्याला ढुशी समजेल.

आणि हे सरळ चाललेल्या बरचीचं. प्रत्यक्षात ती तिरकी शिरते, टोक पाण्यात आणि शेपूट हवेत असताना टोकाला पाणी धरतं, काठी आडवी वळायला बघते. दोन मीटरची काठी जराशी आडवी झाली की पाणी तिला भिंतीसारखं अडवतं. भरीला लाकूड तरंगणारं. आत जाताना पाणी त्याला सतत वर ढकलत असतं.

यावर उपाय काय? काठी बारीक करा आणि जड करा. समुद्रात बुडी मारून मासे मारणारे लोक रबरी पट्ट्यानं सुटणारी पोलादी सळई वापरतात, साधारण ७ मिलिमीटर जाडीची. वरचाच हिशोब सव्वा मीटर लांबीच्या अशा सळईला लावला तर तिचा वेग निम्मा व्हायला चार-सव्वाचार मीटर लागतात. पोलाद पाण्यापेक्षा जवळजवळ आठ पट जड, त्यामुळं तेवढ्याच अंगात कितीतरी जास्त जोर साठतो. बंदुकीच्या आखूड गोळीला हे साधत नाही. जोरकस रायफलीची गोळी पाण्यात मीटरभरातच भरकटते किंवा फुटते. सोव्हिएत रशियानं पाणबुड्या सैनिकांसाठी एपीएस नावाची बंदूक केली तेव्हा तिच्या गोळ्या १२ सेंटिमीटर लांबीच्या पोलादी सळया होत्या. बंदुकीनंसुद्धा पाण्यात शेवटी भालाच फेकला म्हणायचा.

पण पाण्याखालून हातानं फेकायचं काय? तिथं भाचीचा तो खुट्टा आठवा. तरंगणाऱ्या माणसाच्या पायाखाली जमीनच नाही. पुढं ढकललं की आपणच मागं सरकणार. वर पुन्हा स्वतःचा हात पाण्यातून वेगानं ओढताना त्यालाही तोच विरोध. छातीभर पाण्यात उभं राहून एखाद्याच्या थोबाडीत द्यायचा प्रयत्न करून बघा. राग निम्म्या वाटेत विरघळतो. म्हणून पाण्याखाली जोर साठवून ठेवणारं काहीतरी लागतं, ताणलेलं रबर किंवा स्प्रिंग. उथळ पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला मात्र पाय आहेत, जमीन आहे, म्हणून तो भोसकतो. भोसकण्यात आणि फेकण्यात फरक एवढाच की भोसकताना हात शेवटपर्यंत मागं असतो. पाणी जेवढा वेग खातं तेवढा हात पुन्हा पुरवतो.

आण्णांचा नियम

मृगाचे एक-दोन जोरदार पाऊस झाले की ओढ्याला नवं पाणी येतं आणि नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट वर चढायला लागतात. चढणीचे मासे. तेव्हा गावातली माणसं काठ्या, कोयते, बुट्ट्या, असतील नसतील ती फाटकी जाळी घेऊन ओढ्यात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. बांबूच्या काठीला सायकलच्या तीन तारा घासून, टोकं काढून बांधलेली माझी बरची. पाऊस दोन दिवस उघडला होता, डोहातलं पाणी निवळलं होतं आणि कडेच्या खडकाशी एक मरळ स्थिर उभी होती. मी नेम धरला आणि सगळा जोर लावून बरची फेकली. तारा खडकावर आपटून वाकल्या, मरळ हललीसुद्धा नाही. ती शेपूट हलवून निवांत निघून गेली ते नंतर, मी ओरडल्यावर.

आण्णा मागं उभे होते. म्हणाले, "आरं, मासा दिसतंय तिथं नसतंय. त्येच्या खाली मार. आन फेकतूस कशाला? बरची आधी पाण्यात घाल की."

दोन वाक्यांत दोन धडे. पहिला प्रकाशाचा. माशाकडून आपल्या डोळ्याकडं येणारा प्रकाश पाण्यातून हवेत येताना मोडतो, म्हणजे दिशा बदलतो. याला अपवर्तन म्हणतात, शाळेत आपण सगळेच शिकलोय. आपला मेंदू मात्र प्रकाश सरळच आला असं धरून चालतो आणि मासा मागं त्या सरळ रेषेत दाखवतो. नेमकं वरून बघितलं तर ६० सेंटिमीटर खोल असलेली वस्तू ४५ सेंटिमीटरवर भासते, पाऊणपट खोलीवर. तिरकं बघितलं तर चूक आणखी वाढते. काठावर उभं राहून, उभ्या रेषेपासून ५० अंश तिरक्या नजरेनं, ६० सेंटिमीटर खोल असलेल्या माशावर नेम धरला आणि बरची अगदी नजरेच्या रेघेत गेली, तर ती माशाच्या डोक्यावरून २५ सेंटिमीटरनं जाते. चांगली वीतभर. माझी बरची खडकावर का आपटली याचा हा हिशोब.

दुसरा धडा मला जास्त हुशारीचा वाटतो. बरचीचं टोक आधीच पाण्यात घातलं तर काय होतं? काठी पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखी दिसते, पाटात ठेवलेला ऊस दिसतो तशी. पण आता टोकही पाण्यात आणि मासाही पाण्यात. प्रकाश दोघांनाही सारखाच फसवतो. टोक जितकं वर भासतं तितकाच शेजारचा मासा वर भासतो. म्हणून दिसणारं टोक दिसणाऱ्या माशाजवळ नेलं की खरं टोक खऱ्या माशाजवळ पोचलेलं असतं. गणित नको, अंदाज नको, वीत मोजायला नको. मग उरतं फक्त शेवटच्या फूटभर अंतरात भोसकणं, आणि तेवढ्या अंतरात पाण्याला वेग खायला सवडही मिळत नाही. वरच्या सगळ्या अडचणी, विरोध, तरंगणं, तिरकं शिरणं, या एका युक्तीनं निम्म्याहून कमी होतात. टोक पाण्यात असल्यानं डुबुक असा आवाजही होत नाही.

आवाजाचं महत्त्व मासा जाणतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यापासून शेपटापर्यंत एक बारीक रेघ असते, पार्श्वरेखा. तिच्यात पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशी असतात. पाण्यात काही आदळलं की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या वेळात मासा अंग इंग्रजी 'सी' अक्षरासारखं वाकवून सटकायला लागतो. बरची पाण्यात हळू सरकवायची ती म्हणून. माझी मरळ हलली नाही त्याचं मला आजही नवल वाटतं. बहुधा तिनं मला हिशोबातच धरलं नव्हतं.

आण्णा वाकून, जवळजवळ उकिडवे बसून पुढं सरकायचे. त्यालाही कारण आहे, आणि तेही प्रकाशाचंच. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत दिसतं, साधारण ९७ अंशांच्या शंकूत. काठावरची झाडं, आभाळ, समोरचा डोंगर, सगळं त्या गोलात कोंबलेलं. पाण्याच्या पातळीलगतच्या गोष्टी या खिडकीच्या कडेला दबून, चपट्या होऊन दिसतात. उभा माणूस त्या खिडकीत ठळक डोकावतो. बसलेला माणूस कडेच्या चपट्या पट्टीत हरवतो.

मरळीचीही एक खोड आण्णा वापरायचे. हा मासा नुसत्या कल्ल्यांवर भागवू शकत नाही, हवा घ्यायला त्याला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. आण्णा डोहाच्या कडेला बिडी न ओढता बसून राहायचे. बिडीशिवाय बसणं ही त्यांच्या दृष्टीनं मोठी तपश्चर्या.

तीन पक्षी

भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णाकाठी सकाळी बसलात तर हीच अडचण तीन पक्षी तीन तऱ्हांनी सोडवताना दिसतील.

कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि चोच खाली करून दगडासारखा सरळ पडतो. बरोबर वरून बघितलं तर प्रकाश बाजूला मोडत नाही. मासा जरा वर भासतो, पण दिशा खरी असते. सरळ खाली मारणाऱ्याला तेवढं पुरतं. शिवाय पडतानाच्या वेगावर त्याचं सगळं वजन पाण्यात घुसतं, हवेतल्या भाल्यासारखं.

बगळा उथळ पाण्यात तिरकं बघत उभा असतो, म्हणजे त्याची अडचण माझ्यासारखीच. फरक हा की तो सहसा चुकत नाही. किनारी बगळ्यांवर १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की खरी खोली आणि भासणारी खोली यांचा मेळ पक्षी चोच मारण्याआधीच घालतो. वीतभराचा हिशोब त्याच्या मानेत बसवलेला आहे.

तिसरा तिरंदाज. लांब सापासारखी मान, अंग पाण्यात आणि मान तेवढी वर काढून पोहणारा काळपट पक्षी. त्यानं प्रश्नच मिटवून टाकला. तो सरळ पाण्याखाली जातो. डोळाही पाण्यात, मासाही पाण्यात, मधे मोडणारा प्रकाशच नाही. मानेत एक घडी असते, ती उसळी मारून उघडते आणि सुईसारखी चोच माशाच्या अंगात घुसते. बारीक, टोकदार, जवळून मारलेलं आणि मागून अंगाचा जोर असलेलं. पाण्यातला भाला कसा असावा हे बघायचं तर तिरंदाज बघावा.

माणसाला तिरंदाजासारखं जमत नाही, कारण आपल्या डोळ्याची प्रकाश वळवायची ताकद बहुतांशी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची असते आणि पाण्यात ती जवळजवळ निकामी होते. पाण्यात डोळे उघडले की सगळं धूसर. काचेचा चष्मा घालून डोळ्यापुढं हवा ठेवली तर स्पष्ट दिसतं, पण वस्तू पाऊण अंतरावर आणि मोठ्या भासतात. थायलंडच्या बेटांवरच्या मोकेन लोकांची मुलं मात्र चष्म्याशिवाय पाण्याखाली बरंच स्पष्ट बघतात. ती डोळ्याची बाहुली अगदी बारीक करतात. दुसऱ्या मुलांनाही सरावानं हे साधतं असं प्रयोगात दिसलं आहे.

टोकाचं आणि शेपटाचं

माशाच्या भाल्याला तीन-चार टोकं का, हे आता सांगायला नको. चुकीला जागा ठेवायची म्हणून. एक टोक चार बोटं चुकलं तर दुसरं लागतं. हवेतल्या भाल्याला असा पंजा लावला तर तो वारा धरेल आणि वेग जाईल, पण भोसकायच्या बरचीला वेगाची तेवढी फिकीर नसते. टोकाला गळासारखा उलटा काटा हवा. हरणाला जखम झाली की ते पळतं, रक्ताच्या मागावर शिकारी चालत जातो. पाण्यात माग राहत नाही. मासा टोकावरून निसटला की गेला, म्हणून लागण्याइतकंच अडकणं महत्त्वाचं.

आणि शेपटाला दोरी. मराठ्यांच्या सैन्यात विटा नावाचं हत्यार होतं. (आमच्या जिल्ह्यातलं विटा गाव वेगळं.) छोटा भाला, त्याच्या बुडाला दोरी, दोरी मनगटाला. फेकायचा आणि लागला-न लागला की ओढून परत घ्यायचा. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत तो अजून बघायला मिळतो. जमिनीवरच्या लढाईतलं हे हत्यार कल्पनेनं मासेमारीच्या जास्त जवळचं आहे, कारण देवमाशाच्या शिकारीपासून सगळीकडं पाण्यातल्या फेकायच्या भाल्याला दोरी असतेच.

हे सगळं वाचून कुणी ओढ्यावर निघणार असेल तर दोन गोष्टी. कृष्णेत मगरी आहेत. त्यांना माणसाच्या पोटऱ्या अपवर्तनाशिवाय दिसतात. पाण्यात उभं राहायची जागा बघून ठरवा. दुसरं म्हणजे चढणीच्या माशांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी असतात. आमच्या लहानपणी ते कुणी बघितलं नाही, म्हणून आता त्याच ओढ्यात मरळ दिसली तर लोक मोबाईल काढतात. जमिनीवरच्या जनावरांचा तर प्रश्नच नाही, १९७२ च्या कायद्यानं वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे.

भाचीला हे सगळं सांगितलं तर तिला पटेना. शेवटी घमेल्यात पाणी भरून तळाशी बटाटा टाकला, तिच्या हातात दाभण बांधलेली काठी दिली आणि तीन पावलं मागं उभं केलं. जिल्ह्यात नंबर काढणारी पोरगी. पहिली काठी घमेल्याच्या पलीकडच्या काठाला, दुसरी बटाट्याच्या पुढं, तिसरी घमेल्यालाच भोक पाडते की काय अशी. "मामा, बटाटा हलतोय," म्हणाली. मी काही बोललो नाही. मग ती पुढं आली, उकिडवी बसली आणि दाभणाचं टोक हळूच पाण्यात बुडवलं.